सतरा सिरिंज ऑइल

आदिनाथने जुनी गाडी घेतली त्याला तीन आठवडे झाले होते. सुप्याच्या कारखान्यात तो पॅकिंग लाइनवर सुपरवायझर होता. दहा वर्षं यंत्रांजवळ काढल्यामुळे गाडीतलंही आपल्याला कळतं, अशी त्याची समजूत होती.

त्या रविवारी आईला, साळूबाईला, काष्टीहून केडगावला आपल्या घरी आणायचं होतं. सोमवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. निघण्याआधी त्याने गाडी एक चक्कर मारून आणली, घरासमोरच्या उतारावर लावली आणि लगेच बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढली. तेल खालच्या खुणेलाही पोचलेलं दिसेना. त्याने लिटरचा डबा आणून पुरता ओतला. चहा पिऊन पुन्हा पट्टी बघितली, तर तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर!

"झालं तर झालं जास्त," तो बायकोला, दिशाला म्हणाला. "कमी असन्यापेक्षा बरं." आणि त्याने चावी फिरवली.

"बंद कर! आदिनाथ, आधी बंद कर ती!"

शेजारच्या फाटकात हन्ना सिस्टर उभ्या होत्या; त्याचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली, अडुसष्ट वर्षांची बाई. पांढरी साडी नेसून, गीतांचं पुस्तक हातात घेऊन चर्चला निघाल्या होत्या. आदिनाथने गाडी बंद केली. सिस्टरांनी येऊन पट्टी काढून पाहिली.

"पहिल्यांदा कधी बघितलंस? गाडी फिरवून आल्या आल्या?"

"व्हय."

"मग तेल वरच फिरत होतं, खाली उतरलंच नव्हतं. त्यात गाडी उतारावर." त्या रागावल्या नव्हत्या. "आतला दांडा तेलात बुडून फिरला की तेलाचा फेस होतो, आणि फेसानं वंगण होत नाही. सील फुटलं तर तेल बाहेर. आईला घेऊन अर्ध्या वाटेत बसला असतास."

आदिनाथचा चेहरा उतरला. ओळखीचा गॅरेजवाला रविवारी फोन उचलत नव्हता.

"खालचा बोल्ट सोडून काढायचं का?" दिशाने विचारलं.

"तो सुटला की धार लागते. हवं तेवढंच कसं काढणार? आपण वरून काढू. गाडी आधी सपाटीला ढकला."

"सिस्टर, तुमची उपासना हाय ना?"

"उशिरा जाईन."

त्या घरात गेल्या. परत आल्या तेव्हा साडीवर जुना एप्रन बांधला होता. हातात मोठी सिरिंज, सलाईनची लिटरची रिकामी बाटली आणि प्लास्टिकच्या पाकिटात एक लांब नळी. पाकीट फोडताना त्यांचा हात क्षणभर थांबला.

"आमोसना शेवटी नाकातून नळी घातली होती. ही राहिली. दोन वर्षं कपाटात आहे." आमोस म्हणजे त्यांचे यजमान, दवाखान्याची जीप तेच चालवायचे आणि गाडीचं सगळं सिस्टरांना त्यांनीच शिकवलं होतं. "त्यांना आवडलं असतं हे," असं म्हणून त्यांनी नळी बाहेर काढली.

ती त्यांनी आधी पट्टीशेजारी धरून मापली आणि तेवढ्या अंतरावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. "पेशंटला घालतानाही मापूनच घालायची. अंदाजानं कधी नाही."

मग पट्टीच्या भोकातून नळी आत सोडली. मध्येच ती अडली. आदिनाथ जोर लावायला पुढे झाला, पण सिस्टरांनी मान हलवली. नळी जराशी मागे घेतली, दोन बोटांत फिरवली, आणि ती अलगद चिकटपट्टीपर्यंत उतरली. त्यांनी सिरिंजचा दट्ट्या सावकाश ओढला. काळपट, मधासारखं दाट तेल नळीतून वर चढू लागलं.

चार सिरिंज झाल्या की थांबायचं, तेल खाली बसू द्यायचं, पट्टी पुसून बघायची. आदिनाथ म्हणाला, "एकदम धा काढू की." पण त्या तशाच, चार-चारनेच चालल्या. ऊन वर आलं होतं, त्यांच्या कपाळावर घाम होता, तरी हात पहिल्या सिरिंजला होता तसाच. कारखान्यात एवढा स्थिर हात आदिनाथने कुणाचा पाहिला नव्हता. सतराव्या सिरिंजनंतर तेल वरच्या खुणेच्या किंचित खाली आलं.

"पुरे."

नळी बाहेर काढून त्यांनी तिचं टोक उजेडात धरून नीट पाहिलं. अख्खं होतं, आत काही तुटून राहिलं नव्हतं. आदिनाथ बाटली गटारात ओतायला निघाला, तेव्हा मात्र त्या कडाडल्या, "तिकडं नाही! डब्यात भर आणि उद्या गॅरेजवर दे."

साबणाने हात चोळचोळून त्या चर्चकडे गेल्या. नखांतला काळेपणा काही निघाला नव्हता.

काष्टीला पोचायला आदिनाथला दोन तास उशीर झाला. रस्त्यात गर्दी होती असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण आईसमोर बसल्यावर सगळं खरं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. साळूबाईने लक्ष देऊन ऐकलं. ऑपरेशनच्या धास्तीने आठ दिवस तिला धड जेवण गेलं नव्हतं.

"आदिनाथ," ती म्हणाली, "उद्या दवाखान्यात ती बाई यील का रं माझ्यासंगं?"

सोमवारी सकाळी हन्ना सिस्टर मागच्या सीटवर साळूबाईचा हात धरून बसल्या. ऑपरेशनला आत नेईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.