दोन पोटऱ्या

“वाटी खाली ठेव,” आई मला म्हणाली. “तेल लावायचं न्हाई.”

सुकन्या बाजेवर आडवी होती. सिझर होऊन बारा दिवस झाले होते. कंधारला माहेरी आणल्यापासून तिने जमिनीला पाय टेकवला नव्हता. बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, अंगावर गोधडी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण सव्वा महिना बाळंतिणीनं उठू नये, यावर तिची आई उज्वलाकाकू ठाम होत्या. दोन दिवस डावा पाय ठणकत होता, म्हणून माझ्या आईला बोलावणं आलं. चाळीस वर्षं या गल्ल्यांतल्या बाळंतिणींना तीच तेल लावत आली होती.

तेलाआधी दोन्ही पोटऱ्या दोन हातांत धरून पाहायच्या, ही तिची रीत. आज तिचा हात डाव्या पोटरीवर थांबला.

“कामून थांबलात, मावशी? वात भरलाय. चोळा चांगलं,” काकू म्हणाल्या.

“एकच पाय सुजलाय. गरमबी हाय. रक्त गोठलंय का काय, बगावं लागंल. दवाखान्यात न्या.”

“रक्त गोठायला म्हातारी हाय का ती? चोवीसची लेक माजी. अन् शेगडीजवळ तूप तरी गोठतं का?” आईने पोटरीवरचा हात काढून घेतला, तशा त्या पुढे म्हणाल्या, “नवरा गेल्यापासून तुमचा हातच भिऊन राहिला. तसं सांगा ना.”

अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन सात महिने झाले होते. पाय मोडला, दीड महिना प्लास्टर. ते काढल्यावर पोटरी सुजलेली दिसली. आईने रोज गरम तेलाने चोळली. चौथ्या दिवशी त्यांना दम लागला, आणि संपलंच. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले. चोळल्यामुळेच गेली का, हे त्यांना खात्रीने सांगता येईना. मी आईला काही म्हटलं नाही. सात महिने आम्ही दोघी त्या न म्हटलेल्या वाक्याच्या भोवतीनं घरात वावरत होतो. तिने तेलाच्या वाटीला हात लावला नव्हता.

“हाव, भिते,” आई म्हणाली.

तिने पिशवीतून बाळासाठी आणलेला काळा करगोटा काढला. सुकन्याच्या उजव्या पोटरीला गुंडाळला, टोकं जुळली तिथे चिमटीत धरला. मग डाव्या पोटरीला गुंडाळला. टोकं जुळेनात. मध्ये दोन बोटांचं अंतर.

“शेषेरावभाऊ, इकडं या. डोळ्यांनी बगा.”

सुकन्याचे वडील दारातून आत आले. दोऱ्याकडे पाहिलं आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

“बाळंतीण वाऱ्यात न्यायची?” काकू ओरडल्या.

“वाऱ्यानं सर्दी व्हईल, बाई,” आई म्हणाली. “ह्यानं लेक जाईल.”

नांदेडला सोनोग्राफी झाली. गुठळी मांडीपर्यंत चढली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पाय कुणी चोळला का?”

“न्हाई मॅडम,” काकूंचा आवाज बारीक झाला होता. “ह्या मावशीनं हातच लावू दिला न्हाई.”

“बरं केलंत. बाळंतपणानंतर, त्यात असं पडून राहिलं की, हे तरुण बाईलाही होतं.”

आई बाकावर ताठ बसली होती. पिशवीतल्या बाटलीत तेल तसंच झाकणापर्यंत भरलेलं.

रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली, आणि महिन्याभराने सुकन्या दोन गल्ल्या चालत आमच्या घरी आली. कडेवर बाळ, मागून काकू. वाटेत कुणा बाळंतिणीला त्या दारातूनच दम देत होत्या, “पडून काय राहिली ग? ऊठ, चाल जरा! पाय बगितले का दोन्ही?”

आईने तोच करगोटा बाळाच्या कमरेला बांधला. मग आत जाऊन तेल कोमट केलं. आठ महिन्यांनी पहिल्यांदा आमच्या घरात तेलाचा वास पसरला.

“अप्पांच्या वेळी आपल्याला ठाऊक नव्हतं, आई,” मी म्हणाले.

तिने वर पाहिलं नाही. “हाव. आता हाय.”

बाळाला पायांवर घेऊन तिने त्याच्या इवल्या पोटऱ्या दोन हातांत धरल्या, दोन्हीकडे नीट पाहिलं, आणि मग वाटीत बोटं बुडवली.