सासर वगळून

माझ्या नातीचा, एमानचा, निकाह गेल्या डिसेंबरात आमच्या गावी, दाभोळच्या खाडीकाठी झाला. नवरा मुलगा फहद. तो दुबईजवळ रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात इंजिनियर आहे. पासपोर्ट मात्र आयर्लंडचा, कारण जन्म तिथला, कॉर्क नावाच्या बंदराचा. त्याचे आजोबा बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. एका फेरीत आजारी पडून तिथे उतरले आणि तिथलेच झाले. फहदची आई तो लहान असताना गेली, त्याला वाढवलं त्याच्या दादीनं, मरियमबीनं. मरियम माझी लहानपणची मैत्रीण. एकाच विहिरीवर पाणी भरलेल्या आम्ही. हे स्थळ आम्ही दोघींनीच फोनवर जुळवलं.

मरियमची एकच अट होती. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिचं विमान बंद केलं होतं, म्हणून ती निकाहाला येऊ शकत नव्हती. "निकाह गावी करा," ती म्हणाली, "पण रुखसत माझ्या दारात. नवरी माझा उंबरठा ओलांडून आत आल्याशिवाय दोघांनी घर मांडायचं नाही."

आम्ही हो म्हटलं. निकाह आणि रुखसत, म्हणजे नवरीची सासरी पाठवणी, यांच्यामध्ये वर्ष-दीड वर्ष गेलेलं मी पुष्कळ पाहिलंय. तेव्हा नवरे बोटीवर असायचे आणि मुली माहेरी. त्यामुळे अट जड वाटली नाही.

एमान दुबईत, देराला आमच्याकडे राहिली, फहद रास अल खैमाला. दर शुक्रवारी संध्याकाळी तो यायचा. दोघं हॉलमध्ये बसायची, मी समोरच्या सोफ्यावर तसबीहची माळ घेऊन. माझा मुलगा अबरार, म्हणजे एमानचा बाप, दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला हॉलमधून जायचा.

"अब्बा, किचनला दुसरा रस्ता काढूया का?" एमाननं एकदा विचारलं.

"तू अभ्यास कर," अबरार म्हणाला. तिचं शिक्षण संपून दोन वर्षं झाली होती.

आयर्लंडचा व्हिसा सोपा नव्हता. सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट लागणार होती आणि फहदची नोकरी नवी. शिवाय अर्ज भरल्यावर आणखी किती महिने, ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्या हिवाळ्यात मरियम दोनदा इस्पितळात जाऊन आली. "तिसऱ्यांदा गेले तर येईनसं वाटत नाही," असं ती मला सांगायची, घरातलं दूध संपलं म्हणून सांगावं तशा आवाजात.

मग एका शुक्रवारी फहद लॅपटॉप घेऊनच आला.

"अब्बा, एक रस्ता आहे. माझी बायको म्हणून एमान फ्रान्सला येऊ शकते. स्पेनला, जर्मनीला, कुठेही. मी सोबत पाहिजे, एवढंच. बँक स्टेटमेंट नको, हॉटेलचं बुकिंग नको. फी पण नाही."

"फी नाही?" अबरारनं ग्लास खाली ठेवला. "हबीबी, फुकट व्हिसा म्हणजे फसवणूक. खलास."

"कायदाच आहे तसा. युरोपियन माणसाची बायको त्याच्यासोबत फिरणार असेल तर तिला अडवायचं नाही."

"मग आयर्लंडला का नाही?"

"कारण तो माझाच देश. हा कायदा मी दुसऱ्याच्या देशात जातो तेव्हा लागतो. स्वतःच्या घरी न्यायचं तर घरचे नियम."

"म्हणजे सासर वगळून सगळा युरोप," अबरार म्हणाला. "फ्रान्समधून पुढे तिकडे नाही जाता येणार?"

"नाही. आयर्लंडची एन्ट्री वेगळी आहे. तिथे परत पासपोर्ट बघतात."

मग एमान म्हणाली, "But your दादी can come to us. कॉर्कहून फ्रान्सला जहाज आहे. रोस्कॉफ बंदराला. रात्री बसलं की सकाळी पोचतं. डॉक्टरनं विमान बंद केलंय, जहाज नाही."

मी तेव्हाच मरियमला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे नवरी माझ्या दारात यायची ती राहिली," ती म्हणाली, "आणि मी म्हातारी नवरीच्या दारात जाऊ? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना गो हव्वा? वाळवंटात सुकलंय तुझं."

"तुझं पावसात भिजून कुजलंय," मी म्हटलं. तिनं फोन ठेवला.

फहदनं तरीही अर्ज भरला. "बडी अम्मी मानेल, इन्शाल्ला," तो दादीबद्दल म्हणाला. कागद द्यायच्या दिवशी मी दोघांबरोबर गेले, कारण अबरारला सुट्टी नव्हती आणि दोघांना एकट्यानं पाठवायचं नाही असं आमच्याकडे चाललं होतं. व्हिसा सेंटर थंडगार होतं. नंबराच्या चिठ्ठ्या, काचेची काउंटरं, खुर्च्यांवर सगळ्या जगाची माणसं. मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा स्टीमर खोल पाण्यात थांबली होती आणि आम्हाला होडीनं खाडीत आणलं. धक्क्यावर माझा नवरा एक कागद हातात उंच धरून उभा होता, कारण निकाहानंतर त्यानं मला एकदाच पाहिलं होतं आणि मी बुरख्यात त्याला सापडणार नव्हते. त्या कागदावर काय लिहिलं होतं ते मी कधी विचारलं नाही. त्या कागदावर मी पन्नासपेक्षा जास्त वर्षं इथे आहे.

काउंटरवरच्या मुलीनं निकाहनामा, त्याचं इंग्रजी भाषांतर, शिक्के, सगळं नीट पाहिलं. मग तिची पेन्सिल थांबली.

"सर, आपका address रास अल खैमा. मैडम का देरा. साथ नहीं रहते?"

फहद लाल झाला. एमान टेबलाकडे बघत राहिली. मीच पुढे झाले.

"रुखसत नहीं हुई, बेटी. लड़के की दादी के घर होनी है."

"अच्छा," ती म्हणाली. तिला समजलं असावं. "लेकिन दोनों साथ में सफर करेंगे ना?"

"हां जी," फहद म्हणाला.

"बस. शादी हुई है, साथ जा रहे हैं. रुखसत का कॉलम नहीं है, आंटी."

बाहेर टॅक्सीत दोघं मागे बसली, मी पुढे. मला त्या मुलीचं बोलणं डोक्यातून जाईना. फ्रान्सच्या लेखी एमान पुरी बायको होती. ज्यांनी तिचा निकाह लावला, जेवणं घातली, त्या आमच्या लेखी ती अजून पाहुण्यासारखी शुक्रवारी सोफ्यावर बसत होती.

घरी येऊन मी पुन्हा फोन लावला.

"मरियम, तुझ्या सासूनं तुला कुठे उतरवून घेतलं होतं?"

"का?"

"सांग तर."

मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून यायला हवं होतं. तिच्या नवऱ्याची बोट मुंबईहून सुटायची होती. गावी यायला त्याला वेळ नव्हता, म्हणून मरियमला गावाहून थेट मुंबईला पाठवली. डोंगरीला आमच्या गावच्या खलाशांची कूड होती, एक मोठी खोली, भिंतीला लागून ट्रंकाच ट्रंका. तिथे.

"कुडीत," ती शेवटी म्हणाली.

"आणि सासू?"

"माझ्याआधी दोन दिवस दाभोळहून बोटीनं येऊन बसली होती. तिला बोट लागायची. उलट्या करत आली बिचारी." मग थोड्या वेळानं, "त्या कुडीला उंबरठासुद्धा नव्हता गो. तिनं कुणाची तरी वळकटी दारात आडवी टाकली. तिच्यावरून आत आले मी."

"तुला तर बोट लागत नाही."

"मला कधीच लागली नाही," ती म्हणाली. "पण तिथलं भाड्याचं घर मी आधी गाठणार. किल्ली माझ्या हातात पाहिजे. नवरी मागून येईल."

"तुझंच घर ते."

"तहाला जहाजाची तिकिटं काढायला सांगते." तहा तिचा मुलगा, फहदचा बाप. "आणि फहदला सांग, वरच्या मजल्यावरचं घर घेऊ नकोस. माझे गुडघे युरोपियन नाहीत."

व्हिसा दोन आठवड्यांत आला. अबरारनं तो उजेडात धरून दोनदा तपासला. गावी हॉल घेऊन मोठी रुखसत करायचं त्याच्या मनात होतं, ते राहिलं. सकाळच्या फ्लाइटच्या आधी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारात त्यानं एमानच्या डोक्यावर कुराण धरलं. बॅगा आत गेल्या होत्या आणि वॉचमन लिफ्टचं दार पायानं अडवून उभा होता. अबरार रडायला लागला तसा वॉचमननं तोंड भिंतीकडे केलं, पाय मात्र हलवला नाही. "यल्ला अब्बा, लिफ्ट ओरडतेय," एमान म्हणाली. तीही रडत होती.

रोस्कॉफचं मी फोनवर पाहिलं. तहानं फोन धरला होता. दगडी भिंतींचं बुटकं घर, वाऱ्याचा आवाज. मरियम दारासमोर आत खुर्ची टाकून बसली होती, अंगात दोन स्वेटर, मांडीवर सांदणांचा डबा. एमाननं उजवा पाय आत टाकला. मरियमनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, खिडकीकडे वळवलं आणि बघत राहिली. इतका वेळ की मला वाटलं फोन अडकला.

"डोळे हव्वाचे आहेत," ती म्हणाली. "फहद, सांभाळून राहा रे. हिची दादी विहिरीवर पहिला नंबर लावायला खोटं बोलायची."

"ऐकतेय मी," मी इकडून म्हटलं.

"ऐकायलाच बोलतेय."

ती तिथे पुढच्या जहाजापर्यंत राहिली. दोघींनी मिळून घावणं केली असं एमाननं सांगितलं, आणि तिथलं पीठ कसं चिकट ते मरियमनं. कॉर्कचं घर एमानला दाखवायचं राहिलं होतं, म्हणून मरियमनं तिला तोंडानं सगळं सांगितलं: कुठल्या कपाटात काय, कुठली खिडकी नीट लागत नाही.

जहाज सुटायच्या दिवशी एमानचा बंदरावरून फोन आला. मागे भोंगा वाजत होता.

"गेली का आत?" मी विचारलं.

"हो. तहा अंकल घेऊन गेले. फहद केबिनपर्यंत सोडायला निघाला होता, तिनं त्याला गेटवरूनच हाकलला. मी पुढे जाऊ शकत नव्हते ना. आता ती खिडकीत बसून त्याला फोनवर ओरडतेय."

"काय म्हणतेय?"

एमाननं फोन बहुतेक फहदच्या कानाजवळ नेला. वारा होता, तरी मरियमचा आवाज स्पष्ट आला.

"काय बघत उभा आहेस? गार वारा आहे. घरी ने तिला."