कार्बोलिकची ओंजळ

बाळंतपणाच्या टेबलावरचं मेणकापड अजून ओलं होतं आणि धुरपताबाई गोमूत्राचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"सरक तुळसे. शिंपडू दे."

तुळसाबाई सरकली नाही. तालुक्याच्या त्या दवाखान्यात ती झाडूवाली म्हणून लागली, तेव्हापासून हाच खेळ. तिनं जंतू मारणाऱ्या कार्बोलिकच्या पाण्यानं टेबल घासून काढायचं आणि जुन्या दाईनं, म्हणजे धुरपताबाईनं, वर गोमूत्र शिंपडायचं. कारण टेबल तुळसाबाईनं शिवलेलं. नागपूरला दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती. देव बदलला, घरातली तसबीर बदलली, दवाखान्याच्या लेखी हात तोच. धुतल्यावर वर काही पडलं की धुणं फुकट, बाळंतिणीच्या अंगात विष भिनतं, हे सांगून सांगून सिस्टर थकल्या. डॉक्टर म्हणायचे, लोकांच्या भावना असतात, सांभाळून घ्या. भावना लोकांच्या, ताप बाळंतिणीला. त्या वर्षी दोघी बाळंतिणी तापानं फणफणून दगावल्या. कोणी नशीब म्हणालं, कोणी करणी. तांब्याचं नाव कोणी घेतलं नाही. तुळसाबाईलाच कधीकधी वाटायचं, खरंच आपल्या हाताचा तर दोष नसेल? हा विचार त्या तांब्याहून घाण होता.

बाहेर बाकावर मानीबाई कळा देत होती. पहिलटकरीण. सासू लालीबाईनं तिला तांड्यावरून बैलगाडीत घालून आणलं होतं.

"तुनं शिवलं ना त्याले," धुरपताबाई म्हणाली.

"शिवलं. मी शिवलं म्हून तं ते साफ हाये. आता तुमी शिवू नका."

बोलून गेली आणि मग आठवलं. नोकरी कच्ची. धुरपताबाईनं डॉक्टरांच्या कानात एक शब्द टाकला की उद्यापासून घरी. तेवढ्यात सिस्टर मानीबाईला धरून आत आल्या आणि थबकल्या. पण बोलली ती मागून आलेली लालीबाई. ती तांब्याकडे बघत होती.

"माह्या मोठ्या सुनेले बी याच टेबलावर निजवलं होतं. तवा बी तुनं हे शिंपडलं होतं, बाई. मी घरी एकटीच गेली."

धुरपताबाई वळली. तांब्या दाराबाहेर गेला.

मुलगी झाली. तुळसाबाई झाडू मारता मारता मानीबाईच्या कपाळाकडे बघायची, सिस्टरला विचारायची. ताप आला नाही. घरी निघताना लालीबाईनं गाडीत चढण्याआधी नात सरळ तुळसाबाईच्या हातात दिली, आणि सगळा दवाखाना बघत राहिला.

पुढच्या महिन्यात धुरपताबाईचीच लेक बाळंतपणाला आली. आता सिस्टरचा नियम होता, आत येणाऱ्यानं आधी हात धुवायचे. धुरपताबाई दारात आली. तांब्या नव्हता. तिनं दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली.

"ओत."

तुळसाबाईनं कार्बोलिकच्या पाण्याचा मगा उचलला. लहानपणी विहिरीवर ती अशीच ओंजळ धरून उभी राहायची. वरून, अंगाला अंग लागणार नाही इतक्या उंचीवरून, कोणीतरी धार सोडायचं. पाणी कोपरावरून ओघळून जायचं, तहान तशीच. तिनं मगा तेवढाच उंच धरला. क्षणभर धरून ठेवला. धुरपताबाईची मान खाली होती.

तुळसाबाईनं हात खाली आणला, मगा बोटांना टेकेल इतका, आणि पाणी ओतलं.

"नखं बी चोळा," ती म्हणाली.