गोजराबाईंची जास्तीची मूठ

मी एक जुना खांब आहे, मित्रांनो. पण उभा नाही. सालवडच्या बालवाडीच्या अंगणात आडवा पडलो आहे.

बोईसरच्या कारखान्यात पोलादी पत्रा वळवून, शिवण जोडून माझी नळी झाली. तेव्हा मी पोकळ होतो. खाडीवरचा वारा आत शिरला की गुणगुणायचो आणि डोक्यावर छप्पर पेलल्याची स्वप्नं पाहायचो.

मग मला बालवाडीच्या जागी उभं करून पोटात काँक्रीट भरायचं ठरलं. साधं काँक्रीट सुकताना आक्रसतं, नळीपासून सुटतं. म्हणून इंजिनिअर स्वातीताईंनी त्यात फुगणारी पूड मोजून घालायला सांगितली. काँक्रीट आतून किंचित फुगतं, पोलाद त्याला बाहेरून आवळून धरतं. अशी मिठी बसली की दोघं मिळून फार मोठा भार पेलतात.

माल कालवत होत्या गोजराबाई. सफाळ्याकडच्या त्यांच्या गावी भात मोजून दिला की वर एक मूठ घालायची रीत. माझ्या प्रत्येक घमेल्यातही त्यांनी मायेनं पुडीची एकेक मूठ जास्त घातली.

पुढे काही दिवस आतलं काँक्रीट फुगतच राहिलं. माझं अंग ताणलं आणि शिवणीवर केसाएवढी चीर उमटली. दुसऱ्या दिवशी माझ्यावर छप्पर चढणार होतं. माझ्या अंगावरून हात फिरवताना ती चीर फक्त गोजराबाईंच्या बोटांना लागली. सांगावं, तर काम जाईल. गप्प बसावं, तर त्याच छपराखाली त्यांची नात मंगळी बसणार. मला बोलता येत नव्हतं.

गोजराबाई उठल्या.

"ताई, ह्यो खांब फाटलाय. पूड मीच जास्त टाकली. पोरांची खोली हाय, मजबूत व्हावी म्हून."

"अहो, हा काय भात आहे?" स्वातीताई ओरडल्या.

"मावशी, खांबाला पोटभर वाढलं काय?" वेल्डर बबलू हसला.

स्वातीताईंनी चिरेवर बोट ठेवलं. आवाज खाली आला. "बरं झालं, आज सांगितलंत. उद्या माल कालवायला या. माप मात्र मी भरीन."

माझ्या जागी नवा भाऊ उभा राहिला. मला अंगणात निजवलं.

मित्रांनो, मायेनं केलेली चूकही वेळेत सांगा; तुमच्या खांबांना बोलता येत नाही.

छप्पर काही माझ्या नशिबी आलं नाही. पण डबा खायला मंगळी माझ्यावरच बसते, पाय हलवत. कधी कधी तिथंच तिला डुलकी लागते. मग मीही हलत नाही.