दुसरी कुठलीही आणा

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरात कापाकापीला लागते ती. आता फार थकले. एका बाजूला मटण-कोंबडी, दुसऱ्या बाजूला भाजी, असा या घराचा नियम. बाजू बदलली तरी अंग माझंच झिजतं.

पूर्वी मी झाड होते. सुताराने करवत लावली तेव्हा कुणी हळहळलं नाही. "लाकूड झकास निघालं," एवढंच तो म्हणाला. मीही ते मनाला लावून घेतलं नाही.

या घरात बाप-लेक दोघंच. लेकीने एक लंगडी कोंबडी पाळली होती, ठुमकी. ठुमकी अंडी देईनाशी झाली, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी बापाने मला मांसाची बाजू वर करून ओट्यावर ठेवलं आणि सुरीला धार लावली. पोरीने कोंबडीला पोटाशी धरून असा काही हंबरडा फोडला की काय सांगू!

"बाबा, हिला नाही! दुसरी कुठलीही आणा!"

बाप विरघळला. बाजारातून दुसरी घेऊन आला. तिचे तुकडे माझ्यावरच झाले आणि कुणाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पोरगी तर मिटक्या मारत जेवायला बसली. मला मात्र जीव अगदी नकोसा झाला.

घाईत मला धुवायचं राहिलं होतं. ठुमकी लंगडत आली, कशीबशी ओट्यावर चढली आणि माझ्या चिरांत अडकलेलं मांस आवडीने टिपू लागली.

"शी! ठुमके, अगं, तीही कोंबडीच होती ना!" पोरगी ओरडली. मग तिची नजर स्वतःच्या तेलकट बोटांवर गेली. हातातला घास तिने परत ताटात ठेवला.

"बाबा, ही कुणाची होती?"

"कुणाची नाही गं. पिंजऱ्यातली."

"म्हणजे हिच्यासाठी रडायला कुणीच नव्हतं." तिने ताट सरकवलं. "उद्यापासून मला भाजीच करा."

"भाजी काय आभाळातून पडते? तीही उपटावीच लागते. मग काय, वारा खाणार?"

"ते मला नाही माहीत. पण दुसरी आणा असं मीच म्हणाले ना, बाबा?" म्हणत ती रडू लागली. बापाचा हातही ताटातच थांबला.

मित्रांनो, काय खावं हे सांगणारी मी कोण? माझा जन्म दोन्हीकडून घाव सोसण्यात गेला. एवढंच मागते: माझ्यावर कुणाला आणून ठेवण्याआधी त्याच्याकडे एकदा नीट बघा. त्याला नाव नसेल, तर जरा जास्तच बघा.