चोवीस कॉम्प्युटर आणि एक जादा वायर

राग माझ्या नाकावर असतो. घाटकोपरात कुणालाही विचारा, टायपिंग क्लासवाल्या शुभाताई म्हटलं की लोक आधी दोन पावलं मागे सरकतात. पण त्या मंगळवारी मला रागवायला खरंच कारण होतं. अकरा वाजता तपासणी होती, आणि आमच्या क्लासला परीक्षा केंद्र म्हणून मान्यता मिळणार की नाही, ते तिथेच ठरणार होतं.

गेल्या वर्षी माझ्या मुलींना परीक्षेला पार पनवेलला जावं लागलं. मानसी, माझी सगळ्यात वेगवान मुलगी, वीस मिनिटं उशिरा पोचली आणि तिला आत घेतलं नाही. ती घरी न जाता थेट माझ्याकडे आली आणि टेबलावर डोकं ठेवून रडली. तेव्हाच मी ठरवलं, पुढची परीक्षा इथे, आपल्याच खुर्च्यांवर.

अट होती चोवीस कॉम्प्युटरची, सगळे एकमेकांना जोडलेले. आमच्याकडे बारा होते. शेजारचा गाळा घेतला, आणखी बारा आणले आणि जोडणीसाठी हर्षदला बोलावलं. हर्षद माझा जुना विद्यार्थी. टायपिंगमध्ये दोनदा नापास, वायरींमध्ये मात्र हुशार. जुन्या खोलीत एक स्विच होता, म्हणजे वायरी खोचायचा चपटा डबा, आणि त्यातली भोकं संपत आली होती. हर्षदने नव्या गाळ्यात आणखी दोन डबे बसवले. पहिल्यातून दुसऱ्यात वायर, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शिवाय पहिल्यातून एक जादा वायर थेट तिसऱ्यापर्यंत आणून तिचं टोक त्याने मोकळं सोडलं.

"ताई, इथे उंदीर आहेत. मधली वायर कुरतडली तर ही लावायची. तोवर हिला हात नाही लावायचा हां."

मी मान हलवली आणि विसरून गेले.

मंगळवारी नऊ वाजता सगळं झकास चालत होतं. हर्षद मेहुणीच्या साखरपुड्याला मनोरीला निघून गेला. दहा-सव्वादहाला मी क्लास दादांवर सोडला आणि तपासणीच्या बाईंसाठी नाश्ता आणायला खाली उतरले.

दादा म्हणजे माझे वडील, दशरथ राणे. गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनीच हा क्लास काढला. आता वय अठ्ठ्याहत्तर. कॉम्प्युटर आले आणि त्यांचं शिकवणं सुटलं, पण रोज आठाच्या ठोक्याला येतात, खुर्च्या सरळ करतात, की-बोर्ड पुसतात. टेबलावर काही वाकडंतिकडं दिसलं तर त्यांना चहा गोड लागत नाही. आता घरी आराम करा, असं मी त्यांना चारदा सांगून पाहिलं. चारही वेळा त्यांनी माझ्याशी दोन-दोन दिवस अबोला धरला.

मी परत आले तर चोवीसच्या चोवीस कॉम्प्युटर ठप्प. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. तिन्ही डब्यांवरचे हिरवे दिवे वेड लागल्यागत एकदम लुकलुकत होते. घड्याळात पावणेअकरा.

मी हर्षदला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, पण माझ्या आवाजाला त्याची गरज नव्हती.

"हर्षद, वाट लावलीस माझी! साखरपुड्याच्या घाईत काय वाट्टेल ते बांधून पळालास! तुला दोनदा नापास केलं तेच बरोबर होतं!"

"ताई, सकाळी चालत होतं ना? दिवे कसे दिसतायत ते सांगा."

"सगळे एकदम लुकलुकतायत."

"मग ती जादा वायर कुणीतरी तिसऱ्या डब्यात लावलीय. तिन्ही डब्यांचा गोल झाला. एकाने दिलेला निरोप फिरून त्याच्याकडेच येतो, तो पुन्हा पुढे ढकलतो. नुसती बोंबाबोंब, काम शून्य."

"कोण लावणार? इथे मी आणि..."

मी वळून पाहिलं. दादा हातात फडकं घेऊन उभे होते.

"मियाच लावलंय ती," ते म्हणाले. "लोंबताना बरी दिसा नाय. भोक रिकामा होता."

माझं तोंड उघडलं होतं. घरी बसा म्हटलं होतं ना, हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण दादांचा चेहरा एवढासा झाला होता. सांगायला विसरले होते ती मी. राग मी गिळला. फार कडू लागला.

"दादा, तुम्हीच काढा ती," मी म्हटलं.

त्यांनी टोक उपसलं. दिवे शांत झाले, आणि एकेक करत कॉम्प्युटर पुन्हा बोलायला लागले.

"ताई, आता सॉरी म्हणा!" फोनमधून हर्षद ओरडला. मी म्हटलं. त्याने ते दोनदा म्हणायला लावलं.

"नमस्कार," दारातून आवाज आला. तपासणीच्या नंदा गावकर बाई तिथे कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

त्यांनी चोवीसही कॉम्प्युटर स्वतः तपासले. नाश्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी फॉर्मचं शेवटचं पान उघडलं.

"सगळं ठीक आहे. पण परीक्षेच्या दिवशी हे बंद पडलं तर बघणार कोण? तो फोनवाला? इथे हजर असणारा माणूस हवा. नाहीतर मला सही करता येणार नाही."

मला मानसी आठवली. मग मी दादांकडे पाहिलं. ते खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

"आमचे दादा बघतील," मी म्हटलं. "रोज आठला हजर असतात."

"आत्ता यांनीच बंद पाडलं ना?"

"म्हणूनच. बाई, ही चूक उद्या मुंबईत कुणीही करेल. दादा नाही करणार."

बाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला. मग दादांना म्हणाल्या, "आजोबा, काय झालं होतं सांगता येईल?"

दादा वळले. "तिघांनी एकमेकांचे हात धरून गोल केला, की निरोप फिरतच राहतो. एक हात मोकळा सोडायचा. तेवढंच."

गावकर बाईंनी पेनाचं टोपण काढलं. नाव विचारलं, वय विचारलं, लिहिलं.

"निवृत्त लिहू ना?"

"नाही," दादा म्हणाले. "कामावर आहे."