अठरा किलो चारशे ग्रॅम

अण्णांचा उभा जन्म दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेला होता. एखाद्या काट्यात पाच ग्रॅमची खोट निघाली, तरी त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यामुळे हॉलिडे क्लबच्या पत्रावर ते काय म्हणणार, हे सुनेला आधीच ठाऊक होतं.

क्लबचं सभासदत्व जुनं. दरवर्षी पॉइंट जमा व्हायचे आणि त्यांच्या बदल्यात डोंगरावरच्या बंगलीत आठवडाभर राहायला मिळायचं. नातीच्या आगमनाच्या गडबडीत गेली दोन वर्षं जाणं झालं नाही, म्हणून त्यांचे पॉइंट साठले होते, त्यात यंदाचे मिळाले. आता तेच पॉइंट देऊन क्रूझवर जाता येईल, असं क्लबनं कळवलं होतं.

"तीन वर्षांचे पॉइंट आणि दोघांना बोटीवर चार रात्री," अण्णा म्हणाले. "तेवढ्यात बंगलीत तीन आठवडे होतात. हे सरळ सरळ मापात पाप आहे."

"हिशेब तुमचा बरोबर आहे, अण्णा." सुनेच्या मांडीवर नऊ महिन्यांची लेक पेंगत होती. "पण बोटीवर स्वयंपाकघर नसतं."

"तेच म्हणतोय मी. बंगलीत ओटा आहे, गॅस आहे. चार घास घरचे मिळतात."

"करतं कोण ते?"

अण्णांनी चष्मा पुसायला घेतला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "मला कसला त्रास गं? सवय आहे."

लग्नानंतर सून पहिल्यांदा बंगलीत गेली होती, तेव्हा तिनं सासूबाईंना विचारलं होतं, इथलं काय आवडतं तुम्हाला? त्या म्हणाल्या होत्या, "खिडकी मोठी आहे. वाफ लवकर जाते." खिडकीबाहेर अख्खी दरी पसरलेली होती. आणि लेक झाल्यापासून 'सवय आहे' हे सुनेच्याही तोंडी यायला लागलं होतं. परवा ते तिनं स्वतःच्याच तोंडून ऐकलं होतं.

लेकीला पाळण्यात ठेवून तिनं पदर खोचला. माळ्यावरून सहलीची पिशवी काढली. कुकर, तवा, दोन पातेली, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा. ती कायम भरलेलीच असे. पिशवी ओढत ओढत तिनं अण्णांच्या कामाच्या खोलीत नेली आणि नातीचं वजन दर रविवारी ज्या काट्यावर व्हायचं, त्याच्यावर चढवली.

"अण्णा, जरा आकडा वाचता?"

अण्णा वाकले. पिशवी उतरवून काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवली. "अठरा किलो चारशे."

"आणि तुमची बॅग?"

"चार किलो. दुर्बीण धरून." हे त्यांना न मोजताच माहीत होतं.

"मग ही अठरा किलोंची पिशवी कुणाच्या सुट्टीत धरायची?"

काट्याशी वाद घालायची अण्णांना सवय नव्हती.

मग त्यांनी क्लबला फोन लावला. दोन्ही वेळचं जेवण त्यातच ना, हे तीनदा विचारलं. पलीकडची मुलगी वैतागली असणार. "लिहा. सगळे पॉइंट लिहा," म्हणाले आणि फोन ठेवून सुनेकडे वळले. "पाप आहेच मापात. पण आता जाणूनबुजून घेतोय."

निघायच्या सकाळी त्यांनी दोन्ही बॅगा काट्यावर ठेवल्या.

"ही काल साडेपाच होती. आज सहाच्या वर कशी?"

सासूबाई नातीच्या टोपड्याची नाडी बांधण्यात फारच गुंतल्या. अण्णांनी चेन उघडली. कपड्यांच्या घडीखाली चहाचं छोटं पातेलं होतं, आत गाळणं.

"त्यांचा चहा कसा असेल, कुणास ठाऊक," सासूबाई पुटपुटल्या.

"वाईट असेल. तो बसून प्यायचा."

अण्णांनी पातेलं स्वतः नेऊन फळीवर पालथं घातलं आणि बॅग पुन्हा काट्यावर ठेवली.

"साडेपाच," ते म्हणाले. "चला."